कथलाचं धुकं

सम्यक : मॅडम, चेंबर उघडू नका! प्लीज.

आसावरी : उजेड निम्म्यावर आलाय, सम्यक. आतल्या आरशावर कथील बसलं असणार. पुसायलाच हवं.

सम्यक : पण एकदा उघडला की आत हवा शिरणार. परत व्हॅक्यूम यायला संध्याकाळ होईल. आणि हवेत हा उजेड टिकतच नाही. पाहुण्यांना दाखवणार काय?

आसावरी : कुठवर आलेत ते?

सम्यक : कासारवडवलीला अडकलेत. घोडबंदर रोडला फुल जॅम आहे, थँक गॉड.

आसावरी : थँक गॉड काय! चिपवर रेषा कोरणारा उजेड आम्ही वागळे इस्टेटच्या गाळ्यात तयार करतो, असं सांगून बोलावलंय मी त्यांना. आज ते पैसे गुंतवायला नाही म्हणाले, तर हे युनिट मला बंद करावं लागेल.

सम्यक : माहितीय. म्हणूनच बोलतोय ना. हा ग्राफ बघा. आरसा खराब असता तर सगळाच उजेड कमी झाला असता. इथे फक्त मधोमध खड्डा पडलाय. आपल्याला हवी नेमकी तीच तरंगलांबी गायब.

आसावरी : म्हणजे?

सम्यक : लेझर कथलाच्या थेंबावर पडतो, प्लाझ्मा होतो, उजेडपण होतो. पण भोवती कथलाचं दाट धुकं उरतं, तेच तो पिऊन टाकतंय. बाहेर येतच नाहीये.

आसावरी : गेल्या आठवड्यात थेंब मोठे केले, तेव्हापासून?

सम्यक : ...हो.

आसावरी : ते मीच करायला लावलं. वाटलं, जास्त कथील म्हणजे जास्त उजेड.

सम्यक : मलाही तसंच वाटलेलं, मॅडम. मी कुठे अडवलं तुम्हाला?

आसावरी : आता थेंब लहान केले आणि आरसाच खराब निघाला, तर?

सम्यक : तर माझं चुकलं. पण चेंबर उघडलात तर आजचा दिवस गेलाच.

आसावरी : ...कर लहान. पण हळू. थेंब सोडणारी नळी तुंबली तर संपलंच सगळं.

सम्यक : करतोय. उजेडाचा आकडा हलला?

आसावरी : नाही.

सम्यक : आणि आता?

आसावरी : नाही रे... थांब! वर येतोय. येतोय, येतोय... थांबला. मी कबूल केला होता तेवढा नाही.

सम्यक : पाहुण्यांचा फोन. खाली पोचलेत. मॅडम, आधीचा चांगला ग्राफ लावू का स्क्रीनवर?

आसावरी : नको. आहे तोच राहू दे.

(मशीन पाहून, केबिनचं दार लावून पाहुणे आसावरीशी बराच वेळ बोलतात आणि निघून जातात.)

सम्यक : काय म्हणाले?

आसावरी : उजेड कमी पडतोय म्हणाले. का, ते मी सांगून टाकलं. थेंबांचं, धुक्याचं, सगळं.

सम्यक : सगळं? मग?

आसावरी : एकाने विचारलं, थेंब अजून लहान केले तर? म्हटलं, ठाऊक नाही, करून पाहिलेलं नाही.

सम्यक : म्हणजे गेलं.

आसावरी : हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. महिनाभराने परत येतील. तोवर युनिट कसंबसं चालवीन. पुढचं मलाही सांगता येत नाही. तू नीघ आता, डोंबिवली गाठायचीय तुला. घरी प्रीती वाट बघत असेल.

सम्यक : तिला मेसेज टाकतो. मॅडम, थेंब अजून लहान करून बघूया?

आसावरी : आत्ता?

सम्यक : आता कोणी येणार नाहीये. सावकाश करता येईल.