खांद्यावरचा बाप

(डब्लिनमधली चित्रांची गॅलरी. चारशे वर्षांपूर्वीच्या एका भल्यामोठ्या चित्रासमोर बाकावर वीणा आणि मिरजेहून आलेले तिचे वडील दीनानाथ.)

दीनानाथ : म्हणजे गाव जळतंय, आणि पोरगा बापाला खांद्यावर घेऊन निघालाय.

वीणा : हो अप्पा. ट्रॉय. ग्रीकांनी पेटवलंय. हा इनिअस, आणि वर त्याचे वडील.

दीनानाथ : घरचे देव म्हाताऱ्याकडं दिलेत.

वीणा : त्याचे हात मोकळे नसतील.

दीनानाथ : हॅट्! लढाईतनं आलाय तो. रक्ताच्या हातानं देवांना शिवायचं कसं? आंघोळ नाही, काही नाही.

वीणा : थांबा, लेबल बघते... अय्या, खरंच की! हेच लिहिलंय. मी कितीदा आले इथे, कधी लक्षातच आलं नाही.

दीनानाथ : सोवळं सगळीकडं सारखंच गं.

वीणा : ह्याच्या वडिलांनीही गाव सोडायला आधी नाहीच म्हटलं होतं. तुमच्यासारखं.

दीनानाथ : आलीस मूळपदावर!

वीणा : शुक्रवारी फ्लाइट आहे तुमची. मग कधी बोलू? इथे डून लेरीत माझ्या घरी कायमचं राहायला या. परवानगीचा अर्ज मी भरते, तुम्ही फक्त हो म्हणा.

दीनानाथ : अगं, ह्याचं गाव जळत होतं. आमचं मिरज कुठं जळतंय?

वीणा : जळायचं राहिलं. दिवाळीआधी दूध उतू जाऊन शेगडी विझली, गॅस तसाच चालू, आणि तुम्ही झोपलात. शेजारच्या शोभनाकाकूंना वास आला म्हणून वाचलात.

दीनानाथ : ...शोभनानं सांगितलं?

वीणा : त्याच दिवशी.

दीनानाथ : आणि तू तेव्हापासनं गप्प?

वीणा : तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते.

दीनानाथ : सांगितलं असतं तर आली असतीस धावत. नोकरी, पोरगी सगळं टाकून.

वीणा : आलेच असते.

दीनानाथ : तेच ना.

वीणा : अप्पा...

दीनानाथ : हा म्हातारा मग कशानं तयार झाला?

वीणा : खूण दिसली. नातवाच्या डोक्यावर ज्योत उठली, आणि केसही जळला नाही.

दीनानाथ : हं. आमच्याकडं शेगडी विझल्यावर कळलं.

वीणा : म्हणजे?

दीनानाथ : भर तुझा अर्ज. पण शोभनाला मी सांगणार, समोर बसून. तू फोन करू नकोस.