रखमाजीच्या परसातलं अनोळखी झाड

या, पुढं सरका मंडळी! ते खांबाला टेकलेले पाटील — तुम्हीसुद्धा! आज एका झाडाची गोष्ट सांगतो. पण आधी सांगा, चांगलं काही शेजाऱ्याच्या दारात उगवलं, तर आपलं काय जातं? काहीच नाही ना? मग छातीत ही आग कसली?

रखमाजी आणि कुशाबा — भिंतीला भिंत लागून घरं. रखमाजीच्या परसात एक झाड आपसूक उगवलं. वाढलं, बहरलं, जांभळ्या फळांचे घोस लोंबले! पण फळ कसलं, कुणालाच ओळखू येईना. खावं की नाही?

रखमाजी सरळ माणूस. म्हणाला, "पाखरं खातात का बघू. खाल्लं, तर पहिलं फळ देवापुढं, मग सगळ्या गावाला!"

सगळ्या गावाला, मंडळी! कुशाबानं खूश व्हावं की नाही? छे! पुढ्यातलं ताटच सरकवलं त्यानं. "माझ्या परसात नुसतं गवत, आणि याच्या दारात देव झाडं लावून जातो?"

मग काय केलं त्यानं? पहाटेच गोफण घेऊन कुंपणाआड बसायचा. पाखरू आलं — सूंऽऽ! दुसरं आलं — सूंऽऽ! तिकडं स्वतःची ज्वारी पाखरं फस्त करतायत, त्याचं भान नाही! हसताय? हसा, हसा!

झालं. गाव म्हणालं, "पाखरूसुद्धा शिवत नाही. विषारीच!" सगळ्यात मोठा आवाज कुशाबाचा — "रखमाजी, पोरंबाळं फिरतात इथं. तोड बाबा!"

रखमाजीचा चेहरा उतरला. "उद्या तोडतो," म्हणाला.

जिंकला ना कुशाबा? झोपावं की आता! पण चैन कुठलं? "याचं फळ गोड तर नसेल?" दिवेलागणीला कुंपण ओलांडलं, एक फळ तोंडात टाकलं — साखर हो, साखर! आणखीच जळाला! "इतकं गोड? आणि याच्या दारात?" रागारागानं दुसरं, तिसरं, मूठच्या मूठ!

तेवढ्यात रखमाजीची बायको ठकूबाई तुळशीपुढं दिवा लावायला आली. बघते तर काय — कुशाबाचं तोंड जांभळं! "अहो, धावा! भावोजींनी विष खाल्लं!"

गाव लोटलं. दोघांनी हात धरले, तिसऱ्यानं मिठाचं पाणी ओतलं.

"अरे, गोड आहे रे!"

"विष डोक्यात चढलं! आणखी पाजा!"

रखमाजीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. ढसाढसा रडला. "उशीर केला रे मी. माझ्या झाडानं माझा शेजारी नेला!" आणि उठला तो कुऱ्हाड घेऊनच!

कुशाबा धडपडत उठला. बुंध्याला मिठी मारली. "मला मार, रखमाजी! झाडात विष नाही. पाखरं मी हाकलली रे. तुझं चांगलं मला बघवलं नाही!"

आता काय होणार?

रखमाजीनं कुऱ्हाड टाकली. कुशाबाची हनुवटी धरली आणि विचारलं — "म्हणजे, तू मरत नाहीस ना?"

मंडळी, कुशाबाला शोधायला लांब जाऊ नका. शेजारणीच्या लेकीला चांगलं स्थळ आलं, भावाच्या विहिरीला पाणी लागलं, की तो आपल्या आत उठून बसतो. तो उठला ना, की माझं एवढं ऐका. देवाचं नाव घ्यायला सवड नसली तरी चालेल — पण त्या घडीला रखमाजीची आठवण करा!