दोरा का तुटतो

दातांच्या दवाखान्यात रंगारी ठणकती दाढ धरून बसला होता. शेजारी शिलाई मशीन दुरुस्त करणारे बहीण-भाऊ हळू आवाजात भांडत होते.

"छोटे, वेबसाइटवरचं ते दोरा तुटण्याचं पान काढून टाक. महिन्यात चाळीसच जणांनी उघडलं."

"पण दादा, नेटवर शोधताना नऊ हजार जणांना त्याचं नाव दिसलं. वर मथळा तुझा, ‘आमची गौरवशाली सेवा’. कोण उघडेल?"

"दुकानाच्या उद्घाटनातल्या माझ्या भाषणाचं पान रोज तीसदा उघडलं जातं."

"तूच उघडतोस."

रंगाऱ्याने हसू दाबलं, तशी दाढेतून कळ गेली.

"ते पान मी काढणार नाही. सकाळीच मथळा बदललाय, ‘मशीनचा दोरा सारखा तुटतोय? आधी हे करून बघा’."

"मला न विचारता?"

"तुला विचारत बसले, म्हणून तर एवढी माणसं दारावरून गेली."