न्हाणीच्या चुलीतला फातर

म्हापशाच्या स्टँडवर, सर्वणच्या बसपाशी, माझ्या शेजारी खाणीत नोकरीला असलेला भाचा आणि त्याची मावशी.

"मावशी, तो फातर सोमवारी ऑफिसात परत द्यायचाय. ठेवलास कुठं?"

"न्हाणीच्या चुलीत. हंडा डुगडुगत होता."

"चुलीत? अगो, त्यात सोनं आहे."

"कसलं सोनं रे, पांढराफटक दगड तो. सोनारानं कसाला लावला आणि हसला मला."

"कॅलाव्हेराइट आहे तो. त्यातलं सोनं टेल्युरियममध्ये मिसळलेलं, म्हणून पांढरं दिसतं. तापवला की टेल्युरियम धुरातून उडतं, आणि सोन्याचे मणी घामासारखे वर येतात."

"पिवळे? मोहरीएवढे?"

"हां. बघितलेस तू?"

"मला वाटलं, घामोळं आलं त्याला. तुझा साहेब तुला ओरडेल, म्हणून नारळाच्या सोडणानं घासून लख्ख केला."

"आणि मणी?"

"न्हाणीच्या पाण्याबरोबर गेले केळींत."

"कुठल्या केळींत?"

"हळू बोल रे, लोक ऐकतात."

मी मोबाईलमध्ये तोंड घातलं.

"विहिरीकडच्या," मावशी पुटपुटली.

समोर माझी इब्रामपूरची बस लागली. मी त्यांच्या मागोमाग सर्वणच्या बसमध्ये चढलो.