माझ्या बोटाला जमणारा माऊस

माझं माहेर चामटोलीचं. भातलावणीत वाकून वाकून आमी पोरी मोठ्या झालो, आणि लग्न होऊन विठ्ठलवाडीला आले ती थेट जवळच्या कॅम्प तीन नावाच्या वस्तीतल्या जीन्स कारखान्यात धागे कापायला बसले. धागे कापता कापता मशीन शिकले, मंग मालकानं कॉम्प्युटर आणला तेव्हा मीच बोलली, शेठ, मला शिकवा. जीन्सच्या मागच्या खिशावर भरतकामाची नक्षी असते ना, ती आता मी कॉम्प्युटरवर काढते आणि मशीन ती शिवते. काय सांगू तुम्हाला, पहिला मोर उमटला तेव्हा सगळ्या बाया हातातलं काम सोडून बघायला आल्या.

पण ते काम म्हणजे दिवसभर माऊसचं चाक फिरवायचं, नक्षी जवळ आण, लांब ने, परत जवळ आण. चाक फिरवणारं हे बोट अडकायला लागलं, सकाळी दुसऱ्या हातानं सरळ करायला लागायचं. डॉक्टर बोलले, हे काम बंद करा. मालक वाईट नाय, पण तोपण बोलला, ताई, तुमी परत धाग्यावर बसा, कॉम्प्युटरला दुसरं कोणी बघतो. घरी येऊन रडले, खोटं कशाला बोलू.

माझी मुलगी प्राची बोलली, आई, काम नको सोडू, माऊस सोड. त्यात अजून एक भानगड होती. कारखान्यात विंडोज आणि घरी हिचा मॅक, उरलेलं काम मी घरी तिच्या लॅपटॉपवर करायची, तर तिथं चाक फिरवलं की पान उलटंच जायचं, म्हणजे बोटाला डबल मेहनत.

मंग दुसरा माऊस बघायला लॅपटॉप घेऊन आमी बाजारात एका सिंधी काकांच्या दुकानात गेलो. ते बोलले, बैठो दीदी, सब हाथ में लेके देखो, मेरे को मत पूछो, अपने हाथ को पूछो. एक माऊस दिसायला नाजूक, पण त्यावर बोटं आखडायची. एकाचं चाक इतकं सुळसुळीत की पान कुठच्या कुठं पळायचं. शेवटी काकांनी एक काढला, जागचा हलत नाय, मधे मोठ्या लिंबाएवढा गोळा आणि गोळ्याभोवती कडं, कडं फिरवलं की पान सरकतं. आणि ते कुठल्यापण बोटानं फिरतं, डाव्या हातानंपण. काकांच्या विंडोजवर छान चाललं, मॅकवर उलटं. प्राचीनं तिथल्या तिथं सेटिंग बदललं, तर आता तिचीच लॅपटॉपवरची बोटानं सरकवायची पट्टी उलटी झाली. मी बोलली, अगं, तुला त्रास. ती बोलली, असू दे, माझी बोटं शिकतील.

तोच घेतला. पहिले थोडे दिवस गोळा भलतीकडंच जायचा, बाया हसायच्या, मीपण हसायची. पण दिवाळीची सगळी नक्षी मीच पुरी केली आणि बोटपण हळूहळू मोकळं झालं. मालकानं येऊन कडं फिरवून बघितलं, बोलला, ताई, ही खुर्ची तुमचीच.

परवा अंबरनाथला शेअर रिक्षाच्या लाईनीत पुढं एक पोरगा उभा, त्याच्या जीन्सच्या खिशावर मी काढलेली वेल. प्राची बोलली, आई, सांगू का त्याला? मी बोलली, नको गं, जाऊ दे, सुखी राहू दे लेकराला. रिक्षात बसेपर्यंत नुसती बघत राहिले.