सेनाइदाच्या गालावरचा पान्यो

नाही हो, ती नाहीये म्हटलं ना — घरात नाही, मागे नाही, गच्चीवर कपडे वाळत घालायलासुद्धा गेलेली नाही, तुम्ही कितीही मान उंच करून बघा. बसा की. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय लटपटतो, इकडे बसा. हॉस्पिटलातून आलात ना? फाइल बघूनच ओळखलं मी, निळी फाइल — सेनाइदाकडे पण असलाच निळा कागद असायचा, उशीखाली ठेवायची. मी तिची सासू. कुका. अख्ख्या सान लुईसमध्ये नसेल, पण या गल्लीत कुणालाही विचारा, दोन्या कुकाच्या गोर्दिता, सारण भरलेल्या मक्याच्या जाड भाकऱ्या, कुठे मिळतात म्हणून, डोळे मिटून दाखवतील. घेवड्याची देऊ का नोपालची, निवडुंगाची? काम नंतर, डॉक्टरीणबाई. आधी पोटात काहीतरी जाऊ दे, तुम्ही शिकलेल्या पोरी सकाळी नुसती कॉफी पिऊन निघता आणि मग दुपारी तोंड उतरतं — नोपालची देते. तवा तापलेलाच आहे.

काल ती आली नाही हॉस्पिटलात, म्हणून आलात ना? माहितीये मला. काल मंगळवार. एकाआड एक मंगळवारी जायची, डोकं धुऊन, निळा ब्लाउज घालून, सातच्या बसनं. आता गेलीये बहिणीकडे, रिओव्हेर्देला. रविवारी गेली. कधी येईल ते — ते मला कसं माहीत असणार. फोन बंद ठेवलाय तिनं, शेजारच्या पोरीनं लावून बघितला. सुना काय, आज आहेत, उद्या बहिणीकडे. तुम्ही ती फाइल उघडू नका हो इथे, तेल उडेल.

हे बघा, तुमच्या गोळ्यांची बाटली हवी असेल तर मी देते शोधून. रिकामी आहे. तिनं एकही गोळी चुकवली नाही, हे मी देवापुढे सांगेन — रोज रात्री नऊला, माझ्यादेखत. तुम्हीच सांगितलं होतंत ना तिला, की गोळी घ्यायची, दिवा घालवायचा, टीव्ही बंद, फोन बंद, अंधारात पडायचं. तसंच करायची. अकरा-अकरापर्यंत मालिका बघणारी बाई, पण एकदा डॉक्टरांनी सांगितलं म्हणजे संपलं. तिच्या खोलीला खिडकी रस्त्याची, तिथे दिव्याचा उजेड येतो, म्हणून माझ्या खोलीत येऊन बसायची. मला दालचिनीचं दूध आणून द्यायची, स्वतः गोळी गिळायची, आणि झोप येईस्तोवर अंधारात माझे पाय चोळत बसायची. मी कधी सांगितलं नाही हां पाय चोळ म्हणून. तिचीच हौस. दिवसभराचं काहीबाही बोलायची, कोण आलं, कोण काय म्हणालं — काय हो? दोन घेवड्याच्या, एक चीजची? थांबा पाच मिनिटं, काहुन्याबाबा, बघताय ना पाहुणे आलेत. तिखट वेगळं बांधते.

काय सांगत होते? हां, पान्यो. तुम्ही त्याला काहीतरी वेगळंच म्हणता, मेलास्मा. आम्ही आपलं पान्यो म्हणतो. दोन्ही गालांवर, कपाळावर, इथे ओठाच्या वर, कॉफी सांडून पुसल्यासारखा डाग. आणि आमच्यात पान्यो एकाच कारणानं येतो, बाई. तुम्ही हसाल. बाईच्या तोंडावर पान्यो आला म्हणजे पोटात मूल आलं. आईनं सांगितलं, आजीनं सांगितलं, मला चार वेळा आला आणि चार वेळा मूल झालं — मग दुसरं काय समजायचं माणसानं? आता माझा मुलगा निकानोर सहा वर्षं तिकडे ह्यूस्टनला, छपरं घालतो लोकांची. सहा वर्षांत घरी आलेला नाही. आणि बायकोच्या तोंडावर पान्यो. शेजारची ओब्दुलिया, माझी कोमाद्रे, माझ्या धाकट्याची धर्ममाता — ती इथे उभी राहून, ही अशी, हातात गोर्दिता धरून मला म्हणते, कुका, पाळणा कुणाच्या नावाचा बांधणार? चार गिऱ्हाइकांसमोर. मी तिच्या गोर्दितेत त्या दिवशी दुप्पट मिरची घातली.

माहीत होतं मला, की तसलं काही नाही. सहा वर्षं एका छपराखाली राहतोय आम्ही, सून कुठे जाते आणि कुठे जात नाही हे सासूला कळत नाही होय? उन्हानं येतो, गरमीनं येतो, हे तुमच्याच मोठ्या डॉक्टरांनी तिला सांगितलं. तव्यापासून लांब राहा म्हणाले. येऊन मला सांगितलंन, बिचकत बिचकत — आणि मी हसले. म्हटलं, मी चाळीस वर्षं याच तव्यापुढे उभी आहे, मला कुणी लांब राहा म्हणालं नाही. मग तोंडाला तो उन्हापासून वाचवणारा, कातडीच्या रंगाचा मलम फासून उभी राहायची बिचारी, हे इथे, माझ्या जागेवर. माझे गुडघे गेल्यापासून तवा तिच्याकडेच होता. म्हणजे तो पान्यो तसा म्हटला तर माझ्याच दुकानाचा. हे लिहू नका कुठे.

तुम्ही खात का नाहीये? गार होईल. काय बोलायचंय ते बोला, पण खाऊन बोला. नाहीतर राहू दे, मीच बोलते. तुम्ही बाटलीचंच विचारायला आलात. तिथे मशिनीत घालून कळतं म्हणतात, रक्तात गोळी आहे की नाही ते. रक्त घेतलं होतंत ना शेवटच्या वेळी? घेतलंत. ती दंडाला कापूस लावून आली होती. तो कापूस बघितला आणि माझ्या हातातला पिठाचा गोळा खाली पडला.

झोपेचं औषध आहे हो ते. मेलाटोनिन. मी कागद वाचून घेतला ओब्दुलियाच्या नातीकडून. झोपेचंच औषध, आणि तुम्ही बघताय की त्यानं तोंडावरचे डाग जातात का. आता मला सांगा — निकानोर गेल्यापासून मी झोपलेली नाही. म्हणजे डोळा लागतो, पण दोन वाजता टक्क जागी. छपरावरून पडला असेल का, पोलिसांनी धरला असेल का. सहा वर्षं. आणि घरात झोपेचं औषध आलं, ते कुणासाठी, तर जिला अंथरुणाला पाठ टेकताच झोप लागते तिच्यासाठी. पहिल्यांदा एकच काढली. मग — दोन-तीन. बरं, सगळ्या. सगळ्या काढल्या. कॅप्सूल उघडतेच की, दोन्ही टोकं धरून ओढली की उघडते. आतली पांढरी पूड मी मिरपुडीच्या जुन्या बाटलीत भरायचे आणि कॅप्सुलीत मक्याचं पीठ, बारीक, आतोले, आपली मक्याची गोड पेज, करायला आणतो ते. रंग तोच. दुपारी ती भांडी घासायला मागे गेली की बसायचे. पुन्हा बंद करताना टक्कन आवाज यायचा, तेवढाच. रात्री माझ्या दुधात चिमूट टाकली की झालं. आणि काय झोप लागायची म्हणून सांगू — तिचे हात पायावर फिरतायत तोवरच डोळे मिटायचे, ती कुणाची तरी गोष्ट सांगत असायची, शेवट कधी ऐकला नाही मी. थेट पहाटे, कोंबड्याला. चार महिने.

अशा बघू नका माझ्याकडे. तुम्हीच निम्म्या बायकांना नुसतं पीठ देता. सेनाइदानंच सांगितलं मला, निम्म्या कॅप्सुलींत औषध आणि निम्म्यांत पीठ, कुणाच्या बाटलीत काय ते बायकांनाही माहीत नाही आणि डॉक्टरांनाही नाही, फक्त कॉम्प्युटरला माहीत. मग मी काय वेगळं केलं? तुम्ही डॉक्टर म्हणून केलंत, मी सासू म्हणून केलं. पान्यो काही तिला मारत नव्हता. म्हातारीला झोप लागली, कुणाचं काय गेलं.

— पण गेलं. बघा, तोंडातून निघालं. आता विचारणारच तुम्ही, ती बहिणीकडे का गेली.

नाताळला येणारेय निकानोर. कागद झाले त्याचे, सहा वर्षांनी. आणि परत जाताना तिला घेऊन जाणार होता. तिला, मला नाही. मला काय, मला तवा आहे. म्हणून तर तिला तोंड साफ करून हवं होतं, त्याच्यासाठी, नाताळच्या आत. आरशात बघून मला विचारायची, आई, फिकट झालाय का हो जरा? आणि मी म्हणायचे, थोडा वाटतोय. कुठला थोडा. फोनवर चेहरा दिसतोच हल्ली, तिनं कितीही मलम फासला तरी त्याला दिसला. आणि पान्यो म्हणजे काय ते त्यालाही त्याच्या आजीनंच शिकवलेलं. त्यानं तिला विचारलं. ती म्हणाली, हॉस्पिटलात जाते मंगळवारी, आईला विचार, आईला सगळं माहितीये. फोन माझ्या हातात दिला तिनं. इथेच उभी होती, तुम्ही बसलाय तिथे, हाताला पीठ तसंच. तो म्हणाला, आई, खरं सांग, ती हॉस्पिटलात जाते?

हो म्हणायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं. पण डोक्यात ती बाटली — हो म्हटलं तर तो म्हणणार, कुठलं हॉस्पिटल, कुठली गोळी, मग गोळीनं डाग का गेला नाही — तो तसाच आहे, एक धागा ओढला की सगळं उसवेपर्यंत सोडत नाही. आणि अजून एक होतं डोक्यात, नाताळनंतर ती जाणार त्याचं, ते मी पाद्रीलासुद्धा सांगितलेलं नाही. मी म्हटलं, मला काय माहीत, लेका. मंगळवारी डोकं धुऊन जाते, एवढं खरं.

तिनं फोन माझ्या हातातून काढून घेतला. भांडली नाही. मी तिला म्हटलं, ऐकायला नीट आलं नाही मला — तेही खोटं. शनिवारी त्यानं तिला सांगितलं, माझ्या आईच्या घरातून नीघ. रविवारी तिनं सकाळचं पीठ मळून ठेवलं, ओलं फडकं झाकलं त्यावर, आणि गेली. एक पिशवी घेऊन. ते पीठ मी दुपारपर्यंत विकलं, डॉक्टरीणबाई. गिऱ्हाईक म्हणालं, आज छान झाल्यात.

तर सांगा आता, पोलिसात देणार का मला? औषध हॉस्पिटलचं होतं, ठाऊक आहे मला. देते परत, अर्धी बाटली पूड अजून आहे, मिरपुडीच्या बाटलीत साठवलेली. पण शिळी झाली असेल. तीन रात्री झाल्या, चिमटीच्या जागी चमचा घालते दुधात, दूध माझं मीच तापवते, आणि डोळ्याला डोळा लागत नाही. हवा लागली असेल तिला.

काय? बोला ना, मी कुठे अडवतेय, इतका वेळ मी काय — हळू बोला. कॉम्प्युटर उघडला, बरं. गेल्या आठवड्यात. मग?

नाही, परत सांगा.

सेनाइदाच्या बाटलीत पीठच होतं. पहिल्यापासून. तुमचंच. आणि हे सांगायलाच आलात तुम्ही. तपासायला नाही.

म्हणजे मी पीठ काढलं आणि पीठ भरलं.

चोरी अशी मी काही केलीच नाही म्हणा की मग. तिच्या तोंडाचं माझ्यामुळे काही बिघडलं नाही. लपवायलाही काही नव्हतं. हो म्हटलं असतं तरी — थांबा जरा. थांब पोरी, एक मिनिट. मग मला झोप कशानं लागत होती? चार महिने, रोज, कोंबड्यापर्यंत — पीठ खाऊन? आणि रविवारपासून तेच पीठ, चमचा चमचा —

गोर्दिता करपली बघा तिकडे. काहुन्याबाबा, तुमची करपली, माफ करा, उद्या या. नाही, आज नाही. तवा बंद केला मी आज. उद्या या म्हटलं ना.

ते हातात काय आहे? आता खऱ्या गोळ्या देणार तिला, चार महिन्यांच्या? सगळ्या पीठवाल्या बायकांना देताय? बरं करताय. इथे ठेवू नका. या घरात, माझ्या हाताशी नका ठेवू. मी बहिणीचा पत्ता देते, रिओव्हेर्दे, बाजारामागची दुसरी गल्ली, दाराला हिरवा रंग. तिच्या हातात द्या. आणि तिला सांगा — नाही, तुम्ही काही सांगू नका. तुमचं नाहीये ते काम.

हा माझा फोन घ्या. मला नुसता उचलता येतो, लावता येत नाही. सेनाइदाच लावून द्यायची. निकानोर म्हणून असेल बघा, वरच. आत्ता छपरावर असेल, तरी लावा. नाही उचलला तर परत लावा, उचलेपर्यंत लावा. वाजतोय? द्या इकडे.

वाजतोय. तुमची फाइल घ्या ती. गोर्दिता कागदात बांधून न्या, आणि जा आता. बघत काय बसलाय, जा म्हणते ना, उचलला त्यानं — निकानोर? मी आहे, आई. नाही, बरी आहे. ऐक. ती हॉस्पिटलात जायची.