तिसरी खेप

दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे नणंद-भावजय उभ्या होत्या. भावजयीच्या हातात शिजवलेलं मटण सुकवायचं यंत्र होतं.

“वहिनी, लेकीला डोंगरावर न्यायला सुक्या जेवणाची विकतची पाकिटं द्या की.”

“ती तिच्या घशाखाली उतरत नाहीत, वन्सं. गेल्या वेळी उपाशीपोटी अर्ध्या डोंगरावरून परतली.”

“तुमची पहिली खेप खवट झाली, दुसरीला बुरशी आली.”

“आधी चरबी राहिली, मग तुकडे जाड झाले. आता कळलंय.”

“आता यंत्रच जळलं!”

“यंत्र जळलं, मी नाही.”

“बाई, मोटर गेलीये. आठवडा लागेल,” दुकानदार म्हणाला.

“लेक परवा निघतेय. नुसत्या आतल्या जाळ्या काढून द्या. वन्सं, तुमच्याकडे ओव्हन आहे ना?”

“अहो, त्यात मी केक करते!”

“करा की, परवानंतर. चला, मटण घ्यायचंय.”